हलणारा काटा

डोंगरावरून उतरून गावातल्या पहिल्याच लाल सिग्नलला थांबलो आणि शेजारी बसलेली लेक म्हणाली, "बाबा, तो काटा पडला." ऑइल प्रेशरचा काटा. तो पडतोच. तासभर वळणं घेऊन इंजिन सणकून तापलेलं, तेल पातळ झालेलं, त्यात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ऑइल पंपही मंद फिरतो, दाब उतरतो आणि काटा मान टाकतो. सिग्नल हिरवा झाला, मी क्लच सोडला, इंजिन तीन हजारांवर गेलं आणि काटा पुन्हा वर. "असंच असतं," मी म्हणालो. "खरा आहे ना, म्हणून हलतो." बोलताना आवाजात नको तेवढा ताठा आला असणार, कारण सतरा वर्षांच्या मुलींना बापाचा ताठा लगेच ऐकू येतो. "म्हणजे आधीच्या गाडीतला खोटा होता?" "आधीच्या गाडीत नव्हताच." "मग तेव्हा तुला टेन्शन यायचं?" "नाही." "बरं," म्हणाली आणि फोनवरचं गाणं बदललं. ते 'बरं' घरी आल्यावरही मला सुटेना.

आमची गाडी १९९० सालची माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला सगळे मिआटाच म्हणतात. तिच्या इंजिनाला तेलाचा दाब खरोखर मोजणारा सेंडर आहे, त्यामुळे काटा दिवसभर वरखाली करत असतो. १९९५च्या मॉडेलपासून तो सेंडर गेला आणि साधा स्विच आला. गरजेपुरता दाब आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. मीटर मात्र डॅशबोर्डवर होता तिथेच राहिला. दाब आहे तोवर काटा मधोमध उभा. उन्हाळा असो, घाट असो, तेल निम्मं झालेलं असो, तो मधोमधच. म्हणजे काम इंडिकेटरच्या दिव्याचं आणि रुबाब मीटरचा. मिआटावाल्यांमध्ये या खोट्या काट्यावरून अजून वाद होतात. मलाही तो आवडत नाही. पण ज्या माणसाला सकाळी ऑफिस गाठायचंय, ज्याला इंजिनाच्या पोटात काय चाललंय यात काडीचाही रस नाही, त्याला रोज सिग्नलला धडकी भरवण्यात तरी काय अर्थ होता?

माझी पहिली मिआटाही आताच्या गाडीसारखीच होती, फक्त लाल. वायटूकेच्या, म्हणजे सन २०००च्या आधीच्या संगणक-कामांच्या, लाटेत कॅलिफोर्नियात आलो, तेव्हा बरोबरीचे सगळे कॅमरी आणि अकॉर्ड घेत होते. मी एका निवृत्त बाईंकडून ही दहा वर्षांची दोन सीटांची गाडी घेतली. पहिल्या आठवड्यात भाडेकरू मित्रांनी यथेच्छ टिंगल केली, दुसऱ्या आठवड्यापासून किल्ली मागायला लागले. लेक व्हायची चाहूल लागली तेव्हा ती विकली. रडलो वगैरे नाही. दोन सीटांच्या गाडीत बाळाची सीट लावायची कुठे, हा प्रश्न फार रडू देत नाही.

मग लेक शाळेत जायला लागल्यावर तिसऱ्या पिढीची मिआटा आली. तिचं टणक छप्पर बटण दाबलं की बारा-एक सेकंदांत घडी होऊन मागे जायचं. पार्किंगमध्ये लोक थांबून बघत. तिनं कधी त्रास दिला नाही आणि आज तिच्याबद्दल लिहायला बसलो तर छपराच्या पलीकडे मला फारसं काही आठवत नाही. तिच्यानंतर चौथ्या पिढीची घेतली, १८१ अश्वशक्तीची. ही गाडी मात्र उत्तमच. मोजून बघावं तर प्रत्येक बाबतीत पहिलीपेक्षा सरस. एअरबॅगा, एबीएस, घट्ट बांधा, आणि एवढं सगळं घालून वजन पहिलीपेक्षा जेमतेम शंभरएक किलोंनी जास्त. तीस वर्षांत बाकीच्या गाड्यांची वजनं कुठल्या कुठे गेली, त्यात हे काम किती अवघड असेल ते इंजिनिअर लोकांना विचारावं. सीटवर बसल्याबसल्या हात मागे नेऊन कापडी छप्पर एका हातानं उघडता यायचं. पेट्रोलही बेताचं प्यायची.

तरीही विकली.

कारण विचारलं तर पटकन सांगता येत नाही, पण एक सकाळ सांगता येईल. आमच्या भागात समुद्र आणि खाडीच्या मध्ये डोंगराची लांबलचक धार आहे आणि तिच्या माथ्यावरून स्कायलाइन बुलेवार्ड जातो. सकाळी पॅसिफिकवरून धुकं चढतं आणि रेडवुडच्या झाडांना अडकून टपटप गळत राहतं. रस्ता ओला, ऊन पडायचं असतं, हवेत ओल्या सालींचा आणि मध्येच निलगिरीचा वास. त्या दिवशी मी नव्या गाडीत होतो. छप्पर उघडं, हीटर पायांवर, सगळं जागच्या जागी. एका लांब वळणातून बाहेर पडलो आणि सहज मीटरकडे नजर गेली. वेगमर्यादेच्या कितीतरी वर होतो. आणि मजा काय, तर मला काहीच जाणवलं नव्हतं. हात सैल, मन भलतीकडे, सोमवारच्या मीटिंगमध्ये. ती गाडी एवढी हुशार की माझ्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. तिच्या अंगातलं खरं बळ बाहेर काढायचं तर ज्या वेगानं जावं लागलं असतं, त्या वेगाला हायवे पॅट्रोलवाला लायसन्स बघायला मागतो, आणि समोरून सायकलवाले येतात. म्हणजे वळणावर खेळायचं तर कायदा मोडायचा, नाहीतर शहाण्यासारखं बसून राहायचं. शहाण्यासारखं बसण्यासाठी घरात टोयोटा आहे.

पुढे निळ्या रंगाची १९९०ची मिळाली. मरीनर ब्लू, पॉवर स्टिअरिंग नसलेली. तिची अश्वशक्ती ११६, वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. आजकालच्या साध्या फॅमिली गाड्या सिग्नलला तिला मागे टाकतात आणि टाकणाऱ्याला आपण कुणाला मागे टाकलं याचा पत्ताही नसतो. पण चाळीस मैलांच्या वेगाला ती माझे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही कान कामाला लावते. गिअरची दांडी अगदी तोकडी, बोटाच्या लांबीइतकी हलते न हलते तोच खट्कन बसते, कारण ती थेट गिअरबॉक्समध्येच उतरलेली आहे. रस्त्यातला डांबराचा सांधा स्टिअरिंगमधून तळहाताला कळतो. पार्किंगमध्ये मात्र तेच स्टिअरिंग खांद्यातून घाम काढतं. चाकं थोडी तरी फिरती ठेवून वळवायचं, जागेवर झगडायचं नाही, हे शहाणपण मला कुणी इथे शिकवलं नाही. ते कराडहून आलेलं.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिला पद्मिनी कुणीच म्हणत नसे, फियाटच म्हणत. अण्णा, माझे वडील, विम्याच्या कामासाठी तालुकाभर फिरायचे आणि मे महिन्यात आम्हा सगळ्यांना घालून पुण्याला आत्याकडे न्यायचे. बोगदा व्हायच्या आधीचा खंबाटकी. परतताना साताऱ्याकडचं खंडाळा सोडलं की आई मागे वळून पाण्याचा कॅन आहे ना बघायची. अर्ध्या घाटात गाडी आचके द्यायला लागे. मग कडेला घेऊन चाकामागे दगड, बॉनेट वर, आणि आजीच्या जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून एसी पंपावर. एसी म्हणजे गारव्याचा नव्हे, इंजिनावरचा पेट्रोल खेचणारा पंप. तापला की पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि पुढे काही जात नाही. फडक्यावर पाणी पडलं की चर्र आवाज यायचा, पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास यायचा. मला ते सगळं भलतंच रोमांचक वाटे. अण्णांचा चेहरा मी तेव्हा बघितला नव्हता. लहान होतो, दगड राखायचं काम माझ्याकडे होतं. पुढे त्यांनी झेन घेतली आणि फियाट ज्या दिवशी दारातून गेली त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन बसलो. अण्णा खाली नव्या गाडीच्या सीटचं प्लास्टिक काढत होते, शिट्टी वाजवत.

जुन्या गाडीचा लळा म्हणजे बराचसा चिखलाचा लळा, हे ज्यानं मिआटाची भोकं साफ केली आहेत त्याला माहीत असतं. कापडी छपरावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली रस्त्यावर जातं. त्या नळ्या तुंबल्या की पाणी दारांखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग शाबूत, बोट दाबलं की बिस्किटासारखा आत. बऱ्याच मिआटा अशाच गेल्या. म्हणून पावसाळ्याआधी (इथला पावसाळा दिवाळीनंतर) मी सीट पुढे ढकलून, गुडघे दुमडून, मागच्या कोपऱ्यात डोकं घालतो आणि गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी त्या नळीत हळूहळू सारतो. तार घालायची नाही, नळी फाटते. वीतभर गेल्यावर काहीतरी मऊ लागतं. दोरी फिरवायची, बाहेर ओढायची, पुन्हा घालायची. मग तांब्याभर पाणी ओतून खाली कान द्यायचा. आधी एकेक थेंब, मग बदाबदा काळं पाणी, त्यात ओकची पानं, रेडवुडच्या सुया, कुठल्या तरी आधीच्या मालकाच्या काळातली माती. एकदा एक नाणंही निघालं. या कामात मला जे समाधान मिळतं ते पगारवाढीत मिळालेलं नाही. बायकोचं म्हणणं, एवढ्या प्रेमानं घराच्या पन्हाळी साफ केल्या असत्या तर. काट्याचा किस्सा तिला सांगितला तेव्हा म्हणाली, "तुझं स्वतःचं प्रेशर शेवटचं कधी बघितलंस?"

आता खरी गंमत. ज्या गाडीला मी अस्सल, जुनी, खरी म्हणून उराशी धरलंय, ती जन्मली तेव्हाच आठवणीवर बांधलेली होती. १९७९ मध्ये केनिची यामामोतो या माझदाच्या बड्या इंजिनिअरनं बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराला विचारलं, आम्ही पुढे काय बनवावं? हॉलनं सांगितलं, ब्रिटिशांसारखी साधी, हलकी, उघडी, दोन सीटांची गाडी. तेव्हा ती जात संपतच आली होती. १९८० मध्ये इंग्लंडात ॲबिंग्डनला एमजी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा कारखाना बंद झाला, त्याच वर्षी ट्रायम्फची त्याच जातीची स्पिटफायरही गेली. यामामोतोंनी स्वतः एक स्पिटफायर डोंगररस्त्यावर चालवून बघितली असं सांगतात. हॉल पुढे माझदाच्याच कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत कामाला लागला, आराखडा तिथला निवडला गेला, आणि तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली हिरोशिमात ती गाडी आकाराला आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांनी तिचं नाक बघितलं आणि साठच्या दशकातली ब्रिटिश लोटस इलान आठवली. एक्झॉस्टचा आवाजसुद्धा जुन्या गाड्यांसारखा यावा म्हणून मुद्दाम घडवलेला. मला पहाटे ऐकू येणारी ती खरखर ही जपानी इंजिनिअरांनी जाणूनबुजून लावलेली खरखर आहे.

त्या काळचा एखादा एमजीवाला डोळ्यांपुढे आणा. नखात काळं तेल, गॅरेजच्या फरशीवर डाग, पावसात दिवे जाणार हे गृहीत धरून निघणारा. त्याला ही नवी गाडी काय वाटली असेल? तेल गळत नाही, सकाळी पहिल्या किल्लीला चालू होते, छप्पर कोरडं ठेवतं. नाक मुरडलं असेल त्यानं. 'यात काय राम आहे, ही तर नक्कल, त्रास वजा करून दिलेली.' मी नव्या गाडीबद्दल जे बोलतो तेच. म्हणजे खरं-खोट्याची जी रेघ मी १९९० आणि १९९५च्या मध्ये एवढ्या तोऱ्यात ओढतो, ती दुसऱ्या कुणी १९८० मध्ये ओढलेली असते, आणि त्याच्याही आधीच्या कुणी सेल्फ स्टार्टर आला तेव्हा. मला ही रेघ जिथे पटते तिथेच नेमकं माझं पंचविशीतलं वय उभं आहे. हा योगायोग नसावा. पण एवढं कळूनही हात त्या स्टिअरिंगवर गेले की फरक पडतो तो पडतोच. कळण्याचा आणि हाताचा फारसा संबंध नसावा.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात इथे आले होते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघा एक बदललेला. त्यांना खाली सीटवर बसवायला मी आणि लेक दोन बाजूंनी लागलो. डोक्यावर माकडटोपी, वर गॉगल. पेस्कादेरो गावाच्या बाजूनं समुद्राकडे निघालो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एसी?" बंद आहे म्हटलं. जुन्या आर-१२ गॅसवरचा, तो गॅस आता बनतही नाही, नव्या गॅससाठी काम करून घ्यावं लागेल. "स्टिअरिंग जड दिसतंय." हो म्हटलं. "काच प्लास्टिकची?" मागची खिडकी. पिवळी पडलेली, घडीवर चिरलेली, तिला पारदर्शक टेप लावलेला. छप्पर पाडायच्या आधी तिची चेन उघडून ती सपाट खाली झोपवावी लागते, नाहीतर तुटते. हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं, डॅशबोर्डवर दोन बोटं वाजवली आणि म्हणाले, "आम्ही यातून एकदाचे सुटलो. तू पैसे मोजून परत शिरलास."

हसलो आम्ही दोघं. पण त्यांनी ते विनोदानं म्हटलं नव्हतं. त्यांच्या घाटातल्या दुपारी आजी मागच्या सीटवर उलट्या करत होती, जाताना कधी पुण्याच्या डॉक्टरची वेळ ठरलेली असायची, खिशात मोजके पैसे आणि पुढचं गॅरेज कुठे ते माहीत नाही. माझी गाडी रुसली तर मी घरी टोयोटा सोडून आलेला असतो. टो करणाऱ्याला फोन लावून कॉफी पीत बसेन. ज्याला पर्याय आहे त्याच्या अडचणीला छंद म्हणतात. फियाटच्या बॉनेटखाली वाकलेले अण्णा आणि मिआटाच्या नळीत दोरी घालणारा मी, आमच्यात काही वारसा वगैरे आहे असं समजून मी सुखावत होतो. अण्णांना त्या वारशातलं काहीही पुढे द्यायचं नव्हतं. त्यांनी झेन घेतली होती.

आणि भीती आहे ती वेगळीच. हायवे १०१ वर मी ही गाडी नेत नाही. शेजारच्या पिकअपचं चाक माझ्या कानाजवळ फिरत असतं, आणि त्याच्या आरशात मी असेन याची खात्री नाही. एअरबॅग एकच, माझ्या बाजूची. लेक बसते त्या बाजूला नुसता डॅशबोर्ड. ती शेजारी असली की मी डोंगराच्या रस्त्यांनी जातो, हळू जातो, आणि तरीही अधूनमधून डोक्यात विचार येऊन जातो की विकलेल्या गाडीत तिच्यासाठी काय काय होतं. त्या विचाराला माझ्याकडे उत्तर नाही. सुदैवानं तिला या गाडीत फक्त क्लच शिकण्यापुरता रस आहे, कारण तिच्या वर्गात कुणालाच क्लच येत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवतो. गाडी बंद पाडली की माझ्याआधी तीच त्या मीटरकडे बघते. काटा पूर्ण झोपलेला असतो. "आता तरी पडायला हवाच ना?" म्हणते. हो, आता हवाच.

कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी गाडीची स्मॉगची, म्हणजे धुराची, परीक्षा असते. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना ती माफ आहे, आमची बसलीय मधल्या वयात: कौतुक व्हायला म्हातारी आणि सूट मिळायला लहान. रोलरवर चढवून, नळीला सेन्सर लावून तिचा धूर तपासतात, आणि मी काचेपलीकडे दहावीचा निकाल लागायच्या दिवसासारखा उभा असतो. यंदा पास झाली. त्या आनंदात छप्पर बदलायचं ठरवलं, कारण टेपवर आता टेप लावायलाही जागा उरलेली नाही. दुकानदारानं विचारलं, मूळ गाडीला होती तशी प्लास्टिकची खिडकी हवी की काचेची? १९९९च्या मॉडेलपासून काच आली, मागची काच तापवणाऱ्या तारांसकट, आणि ते छप्पर जुन्या सांगाड्यावर चपखल बसतं. अस्सलपणाचे भोक्ते प्लास्टिकच घेतात. मी फोन धरून क्षणभर गप्प राहिलो, खोट्या काट्याबद्दल आजवर जे जे बोललो ते आठवलं, आणि काचेची ऑर्डर दिली. अण्णांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाले, "शाबास. आता एसी करून घे." विचारून ठेवलंय. दुकानदार म्हणतो काम दोन दिवसांचं आहे, पण काँप्रेसर चांगला निघाला तर.